तारवातील विसावा
(पाठ: मार्क ६:३०-३४)

कॅनडातील सास्काचेवान प्रांताच्या गवताळ मैदानात डीफेनबेकर नावाचे सरोवर आहे. १९६७ साली पुऱ्या झालेल्या धरणाने ते झाले, व त्याची लांबी सुमारे २२५ किलोमीटर. तेथे शिडाच्या होडीने एकटा निघालेल्यास पुष्कळ वेळ दुसरे शीड दृष्टीस पडत नाही. झाडांचा आडोसा नसल्यामुळे वारा एकाएकी खवळतो, म्हणून दोरीवरचा हात सोडता येत नाही. तरी हात कामात असून मन मोकळे राहते. येथे आम्हांस मार्काच्या शुभवर्तमानातील तारू आठवते. प्रभूने थकलेल्या शिष्यांस एकांती नेले, पण लोकसमुदाय पायी धावत आधीच तेथे पोहोचला. शिष्यांस विसावा मिळाला तो काय तेवढा पाण्यावरचा! आम्हां खेड्यांतील उपदेशकांसही दोन वस्त्यांमधली वाट तेवढीच मिळते, आणि तीही आम्ही बहुधा पुढल्या घरची चिंता करीत चालतो.