कवीश्वरांचा कपोत आणि मधमाशी

कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर यांचा ‘शिशुपाळवध’ ग्रंथ उत्तम, परंतु शृंगारामुळे निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय पंथातूनच आला. तेव्हा त्यांनी भागवताच्या 11 व्या स्कंधावर ‘उद्धवगीता’ रचिली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. पहिल्या ग्रंथात निसर्ग बहुतांशी शृंगाराचा अलंकार आहे. दुसऱ्याच्या मूळ कथेत मात्र पृथ्वी, वायू, समुद्र हे अवधूताच्या 24 गुरूंमध्ये गणिले आहेत.

त्यांतील कपोताकडे साधकांनी सावकाश पाहावे. पिले जाळ्यात सापडतात; शोकाने कपोतीही त्यात पडते. उरतो कपोत. जाळे त्याला दिसते, पंख मोकळे आहेत, तरी तो उडी घेतो. यावरून केवळ ‘संसार त्याज्य’ एवढाच अर्थ काढणे उथळ होय. दोष प्रेमाचा नव्हे; दिसत असूनही दुसरी वाट न धरण्याचा आहे, असे आम्हांस वाटते.

भ्रमर फुलास न दुखविता थोडे थोडे घेतो. भिक्षेची ‘मधुकरी’ त्यावरूनच. मात्र मधमाशी साठवू लागली, की साठ्यासह नाश पावते. आमच्या भोकरच्या रानात मोहोळ उतरविणाऱ्यास हे पोथीवाचून ठाऊक असते. म्हणून भिक्षूने मिळालेले अन्न सायंकाळकरिता वा उद्याकरिता ठेवू नये, असे तेथे सांगितले आहे. वासनिकांनी हा नियम घरच्या कणगीस लावू नये. तो भिक्षूचा आहे.