पाणी केव्हा येते : लहान यांत्रिक होडीच्या गळतीविषयी एक संवाद

होडी तरंगते ती स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारून. त्यामुळे तिच्या पोटात शिरलेले प्रत्येक लिटर पाणी सुमारे 1 किलो भार वाढवते, होडी तितकीच खाली बसते आणि आधी पाण्याच्या वर असलेली छिद्रेही हळूहळू पाण्याखाली जातात. गळती लहान आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, याचे कारण हेच. पुढील संवादात मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांची दुरुस्ती करणारे एक वृद्ध मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या या विषयाची चर्चा करतात. पुतण्याकडे 18 फुटांची, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली जुनी फायबरची होडी आहे. फायबरची म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई रेझिन नावाच्या रासायनिक राळेत भिजवून, थरावर थर देऊन घडवलेली.

पुतण्या : काका, देवबागच्या खाडीत रात्री नांगरून ठेवलेल्या होडीत सकाळी घोटाभर पाणी साचलेले असते. तळ बाहेरून निरखून पाहिला, तरी कोठे भेग दिसत नाही. पाणी कोठून येते याचा शोध कसा घ्यावा?

मिस्त्री : ‘कोठून’ हा दुसरा प्रश्न झाला, बाळा, पहिला प्रश्न ‘केव्हा’ हा. होडी नुसती उभी असताना पाणी येत असेल, तर वाट नेहमी पाण्याखाली असणाऱ्या भागात आहे. होडी धावतानाच येत असेल, तर नाळेकडच्या म्हणजे पुढच्या टोकाच्या सांध्यात, अथवा इंजिनाच्या जोराने ताणल्या जाणाऱ्या मागच्या फळीत दोष असावा. माणसे भरल्यावरच येत असेल, तर एरवी पाण्याच्या रेषेच्या चार बोटे वर राहणारे एखादे छिद्र भाराने खाली जात असते. आणि केवळ पावसानंतरच येत असेल, तर गळती तळाला नसून वरच्या कठड्याला किंवा झाकणाला आहे. या चारांपैकी एक उत्तर नक्की झाले की शोधाचे क्षेत्र पाव भागावर येते. ते न करता जो तळाला रेझिन फासत सुटतो, त्याचे पैसे पाण्यात जातात.

पुतण्या : पावसाचे पाणी आणि खाडीचे पाणी यांतला फरक कसा ओळखावा?

मिस्त्री : होडीत साचलेल्या पाण्यावर पेट्रोलचा किंवा तेलाचा तवंग नसेल, तर बोट बुडवून जिभेला लावावे, खारट लागले तर ते बाहेरचे. मात्र पावसाळ्यात कर्ली नदीला पूर असला की देवबागच्या खाडीचे पाणीही जवळजवळ गोडे होते, त्या दिवसांत ही परीक्षा फसवते. अशा वेळी होडीवर ताडपत्री घट्ट बांधून एक रात्र काढावी. तरीही पाणी आले तर पावसाला दोष देता येत नाही.

पुतण्या : घोटाभर पाणी म्हणजे छिद्र केवढे असेल?

मिस्त्री : लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ लहान. पाण्याखाली 30 सेंटीमीटर खोलीवर 1 सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे करंगळीएवढे, गोल छिद्र असेल, तर त्यातून पाणी सेकंदाला सुमारे 2.4 मीटर वेगाने आत येऊ पाहते. कडांशी प्रवाह आक्रसतो ती घट धरली, तरी मिनिटाला जवळजवळ 7 लिटर आणि तासाला 400 लिटरांहून अधिक पाणी आत येते, म्हणजे सहा माणसे होडीत अधिक बसल्यासारखे. होडी रात्रभर तगते, यावरूनच हे उघड होते की तिचे छिद्र टाचणीएवढे किंवा केसासारख्या फटीचे आहे. येथे एक नियम ध्यानात धरावा : छिद्राचा व्यास दुप्पट झाला तर पाणी चौपट येते, पण खोली दुप्पट झाली तर ते दुप्पट होत नाही, दीडपटीहूनही थोडे कमीच वाढते. म्हणून खोलवरच्या छिद्राची जेवढी धास्ती घेतली जाते, त्याहून अधिक धास्ती वाढत जाणाऱ्या छिद्राची घ्यावी.

पुतण्या : होडीत विजेवर चालणारा पंप आहे, पाणी ठरावीक पातळीवर आले की तरंगत्या खटक्याने तो आपोआप सुरू होतो. तो पाणी काढत असताना एवढ्या लहान फटीची काळजी का करावी?

मिस्त्री : कारण पंप गळती बुजवत नाही, झाकतो. बॅटरी उतरली किंवा जाळीत शेवाळ अडकले की तीच फट होडी बुडवते, आणि तोपर्यंत ती किती वाढली हे मालकाला कळलेलेच नसते. पंपाचा उपयोग खरे तर मोजमापासाठी करावा : दिवसातून तो किती वेळा सुरू होतो याची नोंद ठेवली, तर गळती वाढते आहे की तशीच आहे हे समजते. शिवाय पंपाची पाणी बाहेर सोडणारी नळी पाण्याच्या रेषेजवळ उघडत असेल आणि मध्ये उंच वळण दिलेले नसेल, तर पंप थांबल्यावर तीच नळी वक्रनलिकेप्रमाणे बाहेरचे पाणी आत ओढू लागते. होडीला दोष नसताना होडी भरण्याचे हे एक कारण आहे आणि ते फार थोडे लोक तपासतात.

पुतण्या : आता ‘कोठून’ या प्रश्नाकडे वळता येईल का?

मिस्त्री : वळावे, पण तळातल्या बुचापासून. होडी किनाऱ्यावर ओढल्यावर आतले पाणी सोडून देण्यासाठी मागच्या फळीच्या तळाशी जे भोक असते, त्याच्या बुचाची रबरी चकती उन्हाने कडक होते किंवा आट्यांत वाळूचा कण बसतो, आणि थेंब थेंब पाणी येत राहते. दहा रुपयांची चकती बदलण्याआधी हजारोंचे रेझिन विकत घेणे शहाणपणाचे नाही. बूच निर्दोष ठरले, की होडी आतून गोड्या पाण्याने धुवावी, फडक्याने टिपून कोरडीठाक करावी आणि तळभर, विशेषतः प्रत्येक बोल्टाभोवती व सांध्यालगत, कोरडी रांगोळी पातळ भुरभुरावी. मग होडी पाण्यावर घेऊन, आत कोणी पाय न ठेवता, तासभर पाहावे. पाणी ज्या जागी प्रथम शिरते तेथे रांगोळीत ओला ठिपका उमटतो, त्याची कड काळपट होते, आणि तेथून उताराकडे बारीक ओघळ निघतो. ओघळ जेथे संपतो तेथे पाणी साचते, आणि लोक शोधत बसतात ते नेमके तेथेच. पाहायचे असते ते ओघळाच्या वरच्या टोकाला.

पुतण्या : पण आतल्या तळावर दुसरा थर असेल, ज्यावर आपण उभे राहतो, तर रांगोळी काय दाखवणार?

मिस्त्री : हा प्रश्न योग्य आहे. पुष्कळ फायबरच्या होड्यांना दुहेरी तळ असतो आणि मधल्या पोकळीत फेस किंवा लाकूड भरलेले असते. पाणी नाळेपाशी शिरून मागे इंजिनापाशी प्रकट होऊ शकते. अशा होडीची परीक्षा जमिनीवर उलट्या दिशेने करावी. होडी लाकडी ओंडक्यांवर सपाट टेकवून पठाणाला, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याला, पूर्ण आधार द्यावा, आत चार बोटे पाणी भरावे आणि ते बाहेर कोठे पाझरते ते पाहावे. अधिक भरू नये, कारण एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन होते आणि बाहेरून पाण्याचा आधार नसलेला तळ त्याने फुटू शकतो. भेग केसाएवढी असेल तर आतल्या पोकळीत हवा हळू फुंकून बाहेरून साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा उठेल तेथे वाट आहे.

पुतण्या : देवबागच्या होडीत तो ठिपका मागच्या फळीपाशी, इंजिनाच्या बोल्टांखाली उमटला, असे समजू.

मिस्त्री : तर अधिक सावध व्हावे, कारण ती फळी नुसत्या फायबरची नसते, दोन थरांच्या मध्ये प्लायवूड असते. बोल्टाभोवतीचे भरण निघाले की पाणी थेट आत न येता आधी त्या प्लायवूडमध्ये मुरते आणि ते आतून कुजते. हातोडीच्या मुठीने फळीवर इंचाइंचाने ठोकत जावे : धडधाकट भाग टणक, खणखणीत वाजतो, कुजलेला भाग बद्द आवाज देतो. इंजिन वर उचलून धरले असता फळी डोळ्यांना दिसेल इतकी लवत असेल, तर भोक बुजवणे हा उपाय राहिला नाही. आतले लाकूड काढून नवे घालावे लागते. केवळ बोल्टाचीच वाट असेल, तर बोल्ट काढून भोक कोरडे होऊ द्यावे, थोडे मोठे करून इपॉक्सीने भरावे, ते कडक झाल्यावर मधोमध नवे भोक पाडावे आणि बोल्ट समुद्री पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बसवावा. सिलिकॉन वापरू नये. त्याचा अंश मागे राहिला की पुढे त्यावर रंग, रेझिन काहीच धरत नाही. पितळी बोल्ट किंवा तोट्या असतील तर कानशीने किंचित खरवडून पाहाव्यात : आतला रंग पिवळा न दिसता गुलाबी दिसला, तर खाऱ्या पाण्याने त्यातले जस्त खाल्ले आहे आणि ती वस्तू हाताने मोडण्याइतकी ठिसूळ झाली आहे.

पुतण्या : आणि तळालाच भेग असेल तर?

मिस्त्री : तेथे घाई सर्वांत महाग पडते. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवावे, मग ॲसिटोनने तेल आणि मेण पुसावे, आणि त्यानंतरच घासावे. क्रम उलटा झाला तर घासण्याने तेल आत रगडले जाते. भेगेच्या दोन्ही बाजूंना उतार घासून काढावा, तळाच्या जाडीच्या सुमारे बारापट रुंद, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूस 7 सेंटीमीटर. जुन्या होडीला नवा थर चिकटतो तो केवळ पृष्ठभागाच्या पकडीने, म्हणून पकडीची जागा रुंद हवी. मग काही दिवस वाळू द्यावे. येथे आपल्या किनाऱ्याची भरती-ओहोटी मदतीला येते : अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला होडी जितकी वर ओढता येईल तितकी ओढावी, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी तिथवर पोहोचत नाही आणि पुढच्या उधाणापर्यंत जवळजवळ पंधरा दिवस काम करायला मिळतात. नुसती पाहणी असेल तर एक ओहोटीही पुरते. ओल्या फायबरवर लावलेला थर वरून गुळगुळीत दिसतो आणि पहिल्या हंगामात पोपडा होऊन सुटतो.

पुतण्या : रेझिनमध्ये हार्डनर किती घालावा?

मिस्त्री : पॉलिएस्टर रेझिनला वजनाच्या 1 ते 2 टक्के, उन्हाळ्यात कमी. हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नये; आणि रेझिनला वेग देणारे कोबाल्ट वेगळे मिळत असेल, तर ते आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नये, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, हार्डनर नंतर. घासताना नाकातोंडावर मास्क हवाच, काचेची धूळ फुप्फुसात जाते. ही सूचना दुरुस्तीच्या शेडमध्ये हसण्यावारी नेली जाते, तशी नेऊ नये.

पुतण्या : शेजारच्या वाडीतल्या मोठ्या होडीचे डिझेल इंजिन आतच बसवलेले आहे. तिच्या शाफ्टपाशी सतत थेंब पडतात. तीही गळतीच ना?

मिस्त्री : बहुधा नाही. पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर जातो तेथे ग्लँड असतो : एक नळकांडे, ज्यात चरबी किंवा ग्रॅफाइट चोळलेल्या चौकोनी दोरीची, म्हणजे पॅकिंगची, वेटोळी दाबलेली असतात. शाफ्ट फिरताना तेथून मिनिटाला थोडे थेंब यायलाच हवेत, ते पाणीच त्या जागेला थंड ठेवते. अडाणीपणाने नट आवळून थेंब बंद केले की पॅकिंग तापते, करपते आणि शाफ्टला खाच पडते. मग ती जागा खरोखर गळू लागते. इंजिन बंद असतानाही धार येत असेल, तेव्हा पॅकिंग बदलावे, प्रत्येक वेटोळ्याचे टोक तिरके कापावे आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत.

पुतण्या : जुन्या लाकडी होड्यांनाही हेच उपाय लागू पडतात का?

मिस्त्री : नाही, आणि येथे पुष्कळ चांगल्या होड्या दुरुस्तीने मेल्या आहेत. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात शेडखाली ठेवलेली लाकडी होडी वाळते आणि तिच्या फळ्यांत फटी पडतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ती पाण्यात गेली की पहिले एक-दोन दिवस पाणी येते आणि लाकूड फुगून आपोआप थांबते. या फटींत कोणी कडक पुटी किंवा सिमेंट ठासले, तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही, त्या एकमेकींना रेटतात आणि वांकांना, म्हणजे आतल्या बरगड्यांना, ठोकलेले खिळे उपटतात. म्हणून जुने कारागीर फटीत कापूस ठोकत आणि वरून चंद्रुसाची राळ तेलात शिजवून भरत. कापूस दाबला जातो आणि फळीला हलू देतो.

पुतण्या : आणि भर समुद्रात पाणी येऊ लागले तर?

मिस्त्री : प्रथम माणसे विरुद्ध बाजूला बसवून छिद्र पाण्यावर आणता येते का ते पाहावे. न आल्यास मऊ लाकडाची निमुळती खुंटी फडक्यात गुंडाळून ठोकावी. अशा दोन-तीन खुंट्या प्रत्येक होडीत दोरीने बांधलेल्या असाव्यात. मोठ्या भेगेवर ताडपत्री बाहेरून लावावी, कारण बाहेरून लावलेल्या कापडाला पाणीच दाबून धरते, आतून लावलेले पाणी ढकलून देते. एमसीलसारखी लुकणी बंदर गाठण्यापुरती. ती कायमची दुरुस्ती समजू नये.

पुतण्या : काम झाले हे कशावरून ठरवावे?

मिस्त्री : भांगाच्या दिवशी, शांत पाण्यात, तळावर पुन्हा रांगोळी भुरभुरून होडी नांगरावी. एक तासाने पाहावे. मग जेवढी माणसे ती नेते तेवढ्या वजनाची वाळूची पोती भरून पुन्हा एक तास थांबावे, पोती उतरवून इंजिन सुरू करून खाडीत दोन फेऱ्या माराव्यात, आणि रात्रभर ताडपत्रीखाली ठेवावी. सकाळी रांगोळी जशी भुरभुरली होती तशीच पांढरी, कोरडी असली, तर पंपाच्या नोंदवहीत ती तारीख लिहून ठेवावी.