थरथर मोजली, पण आजोबा?

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाबद्दल आधीच सॉरी! विषय मात्र आपल्या सर्वांचा आहे : मेजरमेंट.

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या आजोबांना पार्किन्सन्स आहे, म्हणजे कंपवात. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. मग हालचाली मंदावतात, स्नायू ताठर होतात आणि पुष्कळांचे हात थरथरतात. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं. आपल्या मुंबईतल्या पारशी वस्तीत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले होते. रुग्ण किती, हे अशा पाहणीतून कळतं. पण ते जगतात कसे?

मिनी प्रोजेक्टसाठी मी आजोबांच्या मनगटावर ॲक्सेलरोमीटर बांधला. या आजारात हात स्वस्थ असताना होणारी थरथर साधारण ४ ते ६ हर्ट्झची असते. गोळीनंतर ग्राफमधलं शिखर चक्क खाली आलं! मी खुशीत ग्राफ दाखवला. आजोबा म्हणाले, "छान आहे गं बाळा. पण मी खाली कट्ट्यावर जायचं सोडलं, ते यात कुठे दिसतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधताना 'पीडीक्यू-३९' ही प्रश्नावली सापडली. ती ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. १९६७ पासून वापरात असलेल्या होन-यार मापनात डॉक्टर हालचाल बघून आजाराच्या पाच पायऱ्या ठरवतात. इथे मात्र उत्तर पेशंट स्वतः देतो. गेल्या महिन्याभराबद्दलचे ३९ प्रश्न आठ भागांत असतात : चालणं-फिरणं (१०), रोजची कामं (६), मनःस्थिती (६), लाज-संकोच (४), माणसांचा आधार (३), स्मरण व एकाग्रता (४), संवाद (३) आणि शारीरिक त्रास (३).

प्रत्येक उत्तराला गुण : कधीच नाही ०, क्वचित १, कधीकधी २, बरेचदा ३, नेहमी ४. एका भागातल्या गुणांच्या बेरजेला त्या भागाच्या जास्तीत जास्त गुणांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. ० म्हणजे त्रास नाही, १०० म्हणजे सर्वात जास्त. आठही भागांची सरासरी म्हणजे एकूण निर्देशांक. झालं!

आता आमच्या घरचं गणित. प्रश्न मी माझ्या मोडक्या मराठीत विचारले, त्यामुळे ही फक्त प्रॅक्टिस समजा. लाज-संकोचाच्या भागात आजोबांच्या वतीने आजीनेच उत्तरं दिली, "यांना कसली आलीय लाज!" गुण १६ पैकी २, म्हणजे १२.५. आजी भाजी आणायला गेल्यावर मी तेच आजोबांना विचारलं. आजार लपवता का? चारचौघांत खाणंपिणं टाळता का? बराच वेळ गप्प राहून त्यांनी उत्तरं दिली. १६ पैकी १२, म्हणजे ७५! चालण्या-फिरण्यात ४० पैकी १२, म्हणजे फक्त ३०. म्हणजे पाय त्यांना कट्ट्यापर्यंत नेत होते. अडवत होता तो बशीतून सांडणारा चहा.

आता त्यांचे कट्ट्यावरचे दोस्तच रविवारी घरी येतात. आजोबांचा चहा मोठ्या कानाच्या मगात, अर्धाच भरलेला. पुढच्या महिन्यात तेच प्रश्न परत विचारीन, आजी नसताना!

कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ यांचे मेळावे असतात. तिथे आपल्यासारखीच माणसं भेटतात.

आणि दोस्तहो, सेन्सर जरूर लावा. पण ज्याच्या हाताला लावलाय त्याला शेजारी बसून विचारा, "कसे आहात?" आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.