मतदार यादी सर्वांसमोर का ठेवतात?



आपल्या धर्मग्रामात कोणाचे लग्न ठरले की मिस्साच्या वेळी वधूवरांची नावे सर्वांसमोर वाचली जातात. कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्याने तो वेळीच सांगावा, एवढाच त्यामागे हेतू. मतदार यादीचेही तसेच आहे. 1960 च्या मतदार नोंदणी नियमांनुसार यादीचा मसुदा आधी लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो: नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात, तसेच ज्या भागाची ती यादी आहे त्या भागातही. कोणाचे नाव राहिले, कोण मयत झाले, कोणाचे नाव दोनदा आले, हे तालुक्याच्या साहेबाला कसे कळणार? ते शेजाऱ्याला कळते. यादी उघडी ठेवतात ती आपण वाचावी म्हणून.

पुष्कळांची समजूत अशी की मतदार ओळखपत्र पेटीत जपून ठेवले म्हणजे झाले. तसे नाही. यादीत नाव नसेल तर कार्ड असूनही मत देता येत नाही. उलट नाव असेल आणि कार्ड हरवले असेल, तर आयोगाने मान्य केलेला दुसरा ओळखीचा पुरावा चालतो. आधारचेही तेच. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण आधार मिळाल्याने कोणी आपोआप मतदार होत नाही.

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे येऊ. दिवाळी झाली की आपल्या पाड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि दक्षिणेकडील कारखान्यांवर जातात. यादीची वार्षिक दुरुस्ती बहुधा याच महिन्यांत चालते. घराला कुलूप पाहून कोणी 'स्थलांतरित' असा शेरा मारला तर? कायद्याने सुनावणीची संधी दिल्याशिवाय असे नाव काढता येत नाही. परंतु बंद दाराला लावलेली नोटीस वाचणार कोण?

येथे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 20 लक्षात ठेवावे. काही काळ घर सोडून बाहेर गेल्याने माणूस तिथला रहिवासी राहत नाही असे होत नाही, असे ते सांगते. राहणे वेगळे आणि मुक्काम करणे वेगळे. हा भेद आम्हाला मोठा सुज्ञ वाटतो. चार महिने फडावर कोप्यात झोपणाऱ्याचे गाव तो फड नव्हे.

मात्र एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असता कामा नये. आपल्याकडे ही गोष्ट सहज घडते. नवापूरचे रेल्वे स्थानकच दोन राज्यांत विभागले आहे, मग माणसांचे काय! एखाद्याचे नाव पलीकडेही लागले असेल तर त्याने एक ठिकाण ठरवावे आणि दुसरीकडचे नाव नमुना 7 भरून काढून घ्यावे. खोटे निवेदन करणे हा गुन्हा आहे.

नावांचा गोंधळ हा आणखी एक भाग. इकडचा गावित तिकडे गामित होतो, वसावेचा वसावा होतो. शाळेत एक नाव, घरी दुसरे. ही क्षुल्लक बाब नव्हे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. दुरुस्तीसाठी आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना 8, नव्या नावासाठी नमुना 6. पूर्वी वयासाठी 1 जानेवारी हीच तारीख धरत. 2022 पासून 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही धरतात. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. आपल्या युवकांनी हे वाचून वही मिटू नये.

यादी पाहायला मिळणे किती मोलाचे, हे 2025 साली बिहारमध्ये दिसले. तेथील विशेष पुनरीक्षणात सुमारे 65 लाख नावे मसुद्यात आली नाहीत. कोणाची आणि का, हे लोकांना कळेना. अखेर 14 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला.

आपल्या राज्याच्या मतदान केंद्रांची गणती अक्कलकुव्यातील नर्मदाकाठच्या मणिबेलीपासून सुरू होते. तिथे कर्मचारी पाण्यातून बोटीने जातात. पण फडावर यादी घेऊन कोणी जात नाही. म्हणून गावात राहिलेल्यांनी केवळ स्वतःचे नाव पाहून परतू नये. गेलेल्या शेजाऱ्यांचीही नावे वाचावीत. यादी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बहुधा गावचे गुरुजी किंवा अंगणवाडीताई) आणि तहसील कार्यालयात पाहता येते. 1950 या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. नाव दिसले नाही तर त्या घरी फोन करावा. अर्ज नाकारला गेला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलाची मुदत आदेशापासून पंधरा दिवसांची आहे, आणि फडावरून गावी यायलाच दोन दिवस मोडतात.