हिऱ्याच्या कोनापासून सुरुवात

प्रश्न : मुलगी अकरावी विज्ञानला आहे. प्रोग्रामिंग कुठून सुरू करावे? – एक पालक, लिंबायत, सुरत

उत्तर : तिच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकापासून. सुरतेत पैलू पडणाऱ्या हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे 2.42, म्हणून क्रांतिक कोन (ज्याहून तिरपा प्रकाश हिऱ्याबाहेर न पडता आतच परावर्तित होतो) सुमारे 24.4 अंश. हा कोन काढायला पायथॉनला 1 भागिले 2.42 चा व्यस्त साइन विचारला, तर मात्र उत्तर येते 0.426; कारण तो कोन रेडियनमध्ये देतो. इथे अडणे फार मोलाचे आहे. पाठ केलेले रेडियन आता समजून घ्यावेच लागते. ‘कोड तर एआयच लिहून देतो’, असे कुणी म्हणेल. देतो, पण 0.426 हे अंश नव्हेत, हे ओळखायला गणितच लागते. क्लास नंतर पाहा, आधी काच (1.5) आणि पाणी (1.33) घेऊन तिला क्रांतिक कोनांचा तक्ता स्वतः करू द्या.