तापणारा संगणक आणि हवेचा पातळ थर

सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवायचा आणि त्यावर खेळ खेळायचे, हा छंद अनेक विद्यार्थ्यांना जडला आहे. असा संगणक लेखनाच्या वेळी मुकाट चालतो. खेळ सुरू होताच मात्र चित्र अडखळते, कधी तो एकाएकी बंदच पडतो. मग मोठा पंखा विकत आणला जातो. पैसे खर्च करण्यापूर्वी थोडा हिशेब करू या.

खेळताना प्रोसेसर १०० वॅट वीज घेतो असे धरा. ही सारी वीज अखेर उष्णताच होते. ती ३ सें.मी. लांब व तितक्याच रुंद झाकणातून वरच्या धातूच्या हीटसिंकमध्ये जायला हवी. दोन्ही पृष्ठे गुळगुळीत दिसली तरी प्रत्यक्षात खडबडीत असतात आणि मध्ये हवा अडकते. समजा, हा थर केवळ ०.०२ मि.मी. आहे. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर प्रति अंश.

तपमानातील फरक = (वॅट × जाडी) ÷ (वाहकता × क्षेत्रफळ)

उत्तर येते सुमारे ८५ अंश! धातू काही ठिकाणी टेकलेला असल्याने प्रत्यक्ष फरक इतका नसतो, पण त्रास देण्याइतका खासच असतो. हवेच्या जागी ५ वाहकतेचा थर्मल पेस्टचा लेप घाला. फरक अर्ध्या अंशाहूनही कमी! तांब्याची वाहकता ४०० च्या आसपास आहे; म्हणजे लेपाचे काम हवेला हुसकावणे एवढेच. तो लोण्यासारखा थापू नका. अर्धा मि.मी. जाडीचा लेप ११ अंशांची भर घालील.

आता निदान. तपमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून दर ५ सेकंदांनी नोंद करा व आलेख काढा. खेळ सुरू होताच तपमान काही सेकंदांत ९० च्या पुढे उसळले, तर बहुधा स्पर्श सदोष आहे: स्क्रू सैल, लेप वाळलेला, किंवा हीटसिंकच्या तळाचे संरक्षक प्लॅस्टिक काढायचेच राहिलेले. (हसू नका, असे घडते!) ते दहा-वीस मिनिटांत सावकाश चढले, तर पेटीतील गरम हवा कोंडली आहे. पेटीची बाजू उघडून पाहा; तपमान उतरले की शंका फिटली. १०० अंशांच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात; चित्र अडखळते ते यामुळे.

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही ६० अंशांवर असताना संगणक बंद पडला, तर संशय मेमरीच्या पट्ट्यांवर आणि वीजपुरवठ्यावर घ्या. वीजपुरवठ्याची डबी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यातील धारित्रांत धोकादायक विद्युत्भार टिकून असू शकतो.