‘ययाति’तील सख्य : देवयानी आणि शर्मिष्ठा

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून पुढे सांगलीस येते. या सांगलीत जन्मलेल्या दोन लेखकांनी देवयानीची कथा मराठीत नव्याने मांडली. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) नाटकाचा विषय कच-देवयानी हा आहे, वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) कादंबरीत ती कथा देवयानी-शर्मिष्ठेपर्यंत येते. ‘ययाति’ची चर्चा बहुधा भोग आणि संयम या द्वंद्वाभोवती फिरते. प्रस्तुत टिपणात ती एका भंगलेल्या सख्याची कथा म्हणून पाहावयाची आहे.

महाभारताच्या आदिपर्वात हे सख्य ययातीमुळे तुटत नाही. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल होते, शब्दाने शब्द वाढतो, राजकन्या शर्मिष्ठा गुरुकन्येला याचकाची मुलगी म्हणून हिणवते आणि विहिरीत ढकलते. ययाति येतो तो त्यानंतर, देवयानीला वर काढण्यासाठी. म्हणजे प्रेमाचा त्रिकोण उभा राहण्यापूर्वीच कुल आणि प्रतिष्ठा यांच्या अहंकाराने मैत्री पोखरली आहे. देवयानी शर्मिष्ठेला दासी करते, तेव्हा त्या अहंकाराचीच परतफेड होते.

याहून मार्मिक स्थळ पुढे आहे. ययातीकडे पुत्राची याचना करताना शर्मिष्ठा सांगते की, सखीचा पती तो आपलाही पतीच होय. सख्याचा आधार ज्या क्षणी घेतला जातो, त्याच क्षणी त्याचा घात होतो. पण दासी झालेल्या स्त्रीजवळ त्या नात्यावाचून दुसरा कोणता अधिकार उरला होता? तिला केवळ दोषी ठरविणे म्हणूनच अवघड जाते.

खांडेकरांनी या पेचाला निवेदनाचे रूप दिले. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात. दोघी मैत्रिणींची अंतःकरणे वाचकापुढे उघडी होतात. एकमेकींपुढे मात्र ती तशी होत नाहीत. एकीचे दुखावलेपण दुसरीला कळले असते तर, हा विचार वाचकाच्या मनात येतो तो या रचनेमुळेच. शर्मिष्ठेकडे लेखकाची सहानुभूती झुकते, हे खरे. तथापि देवयानीला स्वतःचा आवाज दिल्याने तिला केवळ खलनायिका मानण्याची सोय राहत नाही.

ज्ञानपीठ पुरस्काराने (१९७४) खांडेकर गौरविले गेले, त्यास आता अनेक दशके लोटली. ‘ययाति’ शिकविताना प्रश्न केवळ ‘ययातीने काय भोगले?’ एवढाच न ठेवता, ‘दोन सख्यांनी काय गमावले?’ असाही विचारला, तर कादंबरीचे शोकात्म केंद्र अधिक स्पष्ट होईल.